मदत हवी आहे: तीन मॉनिटरसाठी कोणतं ग्राफिक्स कार्ड? (आणि अडॅप्टरांचा गोंधळ)

प्रीतिसंगमावरची

नमस्कार मंडळी. कराडला माझं जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. १४ तारखेला २बी (खरेदीवरच्या जीएसटीचं तयार विवरण) आलं की २० तारखेला ३बी (महिन्याचं रिटर्न) भरेपर्यंत आमच्याकडे वारी असते. टॅली, एक्सेल आणि पोर्टल अशा तीन खिडक्या सतत उघड्या लागतात. एका पडद्यावर ऑल्ट-टॅब करता करता परवा एका अशिलाचं बिल दुसऱ्याच्या शीटमध्ये डकवलं. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं.

काँप्युटर रिफर्बिश्ड आहे, आडवा चपटा डबा. आय५ ६५००, १६ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १०. आतल्या पॉवर सप्लायवर १८० वॅट लिहिलंय. मॉनिटर तीन आहेत. २७ इंची नवा (२५६० बाय १४४०, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट), २२ इंची फुल एचडी (एचडीएमआय आणि व्हीजीए) आणि वडिलांच्या काळातला १९ इंची चौकोनी, ज्याला फक्त व्हीजीए आहे. चालतो मात्र फक्त २७ इंची, एचडीएमआयवर. बाकीचे दोघं टेबलावर नुसते काळे उभे आहेत. आलेला प्रत्येक जण विचारतो, "मॅडम, हे बंद पडलेत का?"

आतापर्यंत केलेले उद्योग: आधी दुकानातून एचडीएमआय स्प्लिटर आणला. दोन मॉनिटर लागले, पण दोन्हीवर तेच चित्र. मग त्याच दुकानदाराने जीटी ७१० कार्ड दिलं. त्याची मागची लोखंडी पट्टी डब्यापेक्षा उंच, झाकणच बसेना. तो म्हणाला, "झाकण उघडं ठेवा, हवा खेळती राहील." ऑफिसात उंदीर आहेत हो!

तर प्रश्न असे: या डब्यात बसणारं, तीन एचडीएमआय असलेलं कार्ड मिळतं का? व्हीजीएवाल्यासाठी कोणता अडॅप्टर? बजेट सहा-सात हजार. गेम वगैरे काही नाही.

टाचणी

दादा, कार्ड नंतर बघू. आधी डब्याच्या मागे कोणकोणती भोकं आहेत ते नीट बघून सांगा. आणि जीटी ७१० च्या खोक्यात एक छोटी पट्टी सुटी आली होती का? बहुतेक लो प्रोफाइल (कमी उंचीच्या) कार्डांबरोबर ती येते.

प्रीतिसंगमावरची

दादा नाही, ताई. :) खोकं दुकानातच राहिलंय, उद्या विचारते.

टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले होते. एक एचडीएमआय. त्याच्या शेजारी तशीच दिसणारी दोन, पण त्यांचा एक कोपरा कापल्यासारखा आहे. वर डी आणि पी एकमेकांत अडकवल्यासारखं चिन्ह. बाकी यूएसबी, नेटची वायर, स्पीकरचं. व्हीजीए नाही.

शून्य_एक

ताई, कार्ड परत करा. कोपरा कापलेली ती दोन भोकं म्हणजे डिस्प्लेपोर्ट. तुमच्या आय५ ६५०० मध्ये इंटेल एचडी ५३० ग्राफिक्स आहे आणि ते एका वेळी तीन स्वतंत्र पडदे चालवतं. इंटेलची बहुतेक डेस्कटॉप ग्राफिक्स २०१२ पासून तीन चालवतात. तुमच्याकडे भोकं तीन, मॉनिटर तीन. कमी आहे ती एका केबलची आणि एका अडॅप्टरची.

जोडणी अशी करा:

२७ इंची डिस्प्लेपोर्टवर, साध्या डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट केबलने. बहुतेक नव्या मॉनिटरच्या खोक्यात ती असतेच. एचडीएमआयवरही १४४० चालतं, पण या जुन्या बोर्डाचं एचडीएमआय १.४ आहे, तिथे तेवढी ऐसपैस जागा नाही.

२२ इंची एचडीएमआयवर.

१९ इंची दुसऱ्या डिस्प्लेपोर्टवर, "डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए" अडॅप्टर लावून. त्यात चिप असावीच लागते, कारण डिजिटलचं अॅनालॉग करायचं असतं. विकत मिळणाऱ्यांत ती असतेच, पाचशेच्या आत काम होईल.

एकच गोष्ट दुकानात दोनदा म्हणून दाखवा: काँप्युटरच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरच्या बाजूला व्हीजीए. अडॅप्टर हे एकेरी रस्ते असतात. आमच्या ऑफिसात एकाने लॅपटॉपच्या एचडीएमआयवरून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला जोडायला "डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय" केबल आणली. टोकं दोन्हीकडे चपखल बसली, चित्र शून्य. ती केबल फक्त डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाते. उलट जायला वेगळा कन्व्हर्टर लागतो, बहुतेक वेळा यूएसबीवरून वीज घेणारा. चार दिवस तो मॉनिटरला शिव्या देत होता.

गरमागरम_वडा

मी तर म्हणतो सरळ आरएक्स ६४०० घ्या. लो प्रोफाइल मिळतं, ५३ वॅट, वेगळी वीज जोडायला नको. उद्या मुलांनी गेम खेळायचं म्हटलं तरी चालेल.

शून्य_एक

वडासाहेब, त्या कार्डाला भोकं किती असतात? दोन. एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट. ताईंचे मॉनिटर तीन. शिवाय ते पीसीआय एक्सप्रेस स्लॉटच्या चारच लेन (माहितीच्या वाटा) वापरतं आणि चौथ्या पिढीचा स्लॉट गृहीत धरतं. ताईंचा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, म्हणजे गेममध्येही मार. जीटी १०३० चंही तेच, भोकं दोनच. मल्टी-मॉनिटरसाठी ताकद नंतर बघायची, आधी कार्डाची पाठ बघायची.

गरमागरम_वडा

मान्य. मी गेमवाला, पाठ कधी बघितलीच नाही.

टाचणी

जीटी ७१० चा आणखी एक घोळ. ब्रँडेड ऑफिस डब्यांमध्ये कार्ड खोचलं की बायोस (काँप्युटर सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) बऱ्याचदा आतलं ग्राफिक्स बंद करतो. म्हणजे मदरबोर्डची तीन भोकं गेली, कार्डाची तीन आली. या खिशातले काढून त्या खिशात. बायोसमध्ये मल्टी-डिस्प्ले किंवा तशा नावाची सेटिंग असते, ती चालू केली तर दोन्ही चालतात, पण सगळ्या डब्यांत ती नसते.

आणि ७१० आता म्हातारं झालंय. केप्लर पिढी. एनव्हिडियाने २०२१ मध्ये त्याचे नियमित ड्रायव्हर थांबवले, सुरक्षेचे अपडेटही सप्टेंबर २०२४ पर्यंतच होते. आज नवं म्हणून कुणी विकत असेल तर हात जोडून पुढे जा.

बिनतारी

ताईंचं काम झालंच आहे, पण पुढे कुणी हा धागा शोधत आलं तर म्हणून लिहितो. चपट्या डब्यात खरोखरच चार स्वतंत्र पडदे हवे असतील तर गेमची कार्डं सोडून वर्कस्टेशनची छोटी कार्डं बघा. क्वाड्रो पी६२० ला चार मिनी डिस्प्लेपोर्ट, ४० वॅट, एकाच स्लॉटची जाडी, छोटी पट्टी लावता येते. टी४०० ला तीन मिनी डिस्प्लेपोर्ट, ३० वॅट, पिढी नवी. टी६०० ला परत चार. कंपन्यांमधून निघालेली सेकंडहँड कार्डं मिळतात, मी लॅमिंग्टन रोडवरून दोन घेतली. घेताना मिनी डिस्प्लेपोर्टचे अडॅप्टर बरोबर आहेत का ते विचारा, नाहीतर चार अडॅप्टरांचाच खर्च अंगावर येतो.

इथे पॅसिव्ह-अॅक्टिव्हचा प्रश्न येतोच. डिस्प्लेपोर्टवर दोन अधिक चिन्हं असतील (डीपी++) तर कार्ड त्याच भोकातून एचडीएमआयचा सिग्नल सोडू शकतं. मग स्वस्त पॅसिव्ह अडॅप्टर पुरतो, तो फक्त व्होल्टेज जुळवून देतो. अॅक्टिव्ह अडॅप्टर स्वतः सिग्नल बदलतो, म्हणून महाग. मी २०११ च्या सुमारास रॅडिऑनचं कार्ड घेऊन तीन मॉनिटर लावायला बसलो होतो. एएमडीने तेव्हा आयफिनिटीचा (एका कार्डावर अनेक मॉनिटर) गाजावाजा केला होता. दोन लागले, तिसरा लावला की "डिस्प्लेपोर्ट वापरा" असा संदेश. मी म्हणतोय, अरे डिस्प्लेपोर्टलाच तर लावलाय! त्या कार्डात एचडीएमआय-डीव्हीआयसाठी लागणारे घड्याळाचे (क्लॉक सिग्नलचे) स्रोत दोनच होते आणि माझा पॅसिव्ह अडॅप्टर तिसरा मागत होता. अॅक्टिव्ह अडॅप्टर आणला आणि दुसऱ्या मिनिटाला पडदा उजळला.

ओंटारिओतून

इथे टोरांटोत माझा एम१ मॅकबुक एअर आहे, त्यावर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. यूएसबीचा डिस्प्लेलिंक अडॅप्टर घेऊन दुसरा जोडला. ताईंनाही चालेल का?

बिनतारी

चालेल, पण गरज नाही. डिस्प्लेलिंक चित्र प्रोसेसरकडून दाबून यूएसबीने पाठवतं. एक्सेलला उत्तम, पण ड्रायव्हर टाकावा लागतो आणि नेटफ्लिक्ससारख्या संरक्षित व्हिडिओला बहुधा काळा पडदा.

प्रीतिसंगमावरची

यूएसबीची भोकं तशीही डीएससीच्या (डिजिटल सहीच्या) टोकनांनी भरलेली असतात. :) तुम्हा सगळ्यांचे आभार. रविवारी बसले. २७ आणि २२ पहिल्या फटक्यात लागले. १९ इंचीला अडॅप्टर आणला (दुकानात दोनदा म्हणून दाखवलं, मुलगा हसला). चित्र आलं, पण १०२४ बाय ७६८ च्या वर जाईना, अक्षरं पसरट. सेटिंगमध्ये मॉनिटरचं नावही जेनेरिक असं काहीतरी येतंय. अडॅप्टर खराब?

टाचणी

अडॅप्टरच्या आधी व्हीजीए केबलवर संशय घ्या. मॉनिटर स्वतःची ओळख १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून सांगतो. स्वस्त केबलमध्ये त्या तारा नसतात, किंवा वर्षानुवर्षं खोचून पिन वाकलेली असते. टोक काढून उजेडात बघा. मधल्या ओळीत ९ नंबरची पिन नसली तर घाबरू नका, बऱ्याच केबलींत ती मुळातच नसते. खालच्या ओळीतल्या १२ ते १५ मात्र हव्यातच.

प्रीतिसंगमावरची

खालच्या ओळीतली एक पिन आत दबली होती! जुन्या प्रिंटरच्या खोक्यात दुसरी केबल सापडली, ती लावल्याबरोबर १२८० बाय १०२४. आता डावीकडे चौकोनीवर टॅली, मधे एक्सेल, उजवीकडे पोर्टल. ऑफिसातली मुलगी म्हणाली, "मॅडम, शेअर बाजारात उतरलात की काय?"

आता एवढी मदत घेतलीच आहे तर आणखी एक. समोरच्या भिंतीवर ३२ इंची टीव्ही आहे. अशील समोर बसला की त्याला त्याची आकडेवारी दाखवायची असते, सध्या मॉनिटर गरागरा फिरवते. टीव्हीला चौथा पडदा करायचा तर मग ते टी४०० वगैरे घ्यावंच लागेल का?

शून्य_एक

टीव्हीवर वेगळं काही दाखवायचंय, की २२ इंचीवर जे आहे तेच?

प्रीतिसंगमावरची

तेच चालेल. उलट तेच बरं. दुसऱ्या अशिलाची शीट चुकून त्याला दिसायला नको.

शून्य_एक

मग तो "फसवा" स्प्लिटर ड्रॉवरमधून काढा. एचडीएमआयचं एक टोक आत, बाहेर दोन: एक २२ इंचीला, एक टीव्हीला. काँप्युटरच्या लेखी तो एकच पडदा, त्यामुळे तीनची मर्यादा ओलांडली जात नाही. जे दाखवायचं तेवढंच ओढून २२ वर न्यायचं. टीव्हीच्या कडा कापल्या गेल्या तर टीव्हीच्या मेनूत चित्राच्या आकाराची सेटिंग बघा, जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी असतं.

आणि टी४०० चे पैसे या डब्यात घालूच नका. तुमच्या आय५ ६५०० ला, म्हणजे इंटेलच्या सहाव्या पिढीला, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशिलांचे पॅन आणि पासवर्ड असलेल्या मशीनवर हे महत्त्वाचं. ते सहा-सात हजार नव्या डब्याकडे वळवा. बाराव्या पिढीपासून इंटेलचं आतलंच ग्राफिक्स चार पडदे चालवतं, फक्त प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असलेला घेऊ नका. १२४०० चालेल, १२४००एफ ला ग्राफिक्सच नसतं.

गरमागरम_वडा

हे मात्र मला माहीत होतं.

प्रीतिसंगमावरची

स्प्लिटर लावला. कडा कापल्या जात होत्या, स्क्रीन फिट केल्यावर नीट आल्या. आज पहिलाच अशील, हार्डवेअरचे व्यापारी, टीव्हीवर २बी बघत होते. मधेच उठून पडद्यापाशी गेले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हा माल तर मी जानेवारीतच परत केला." तीन महिने ज्या फरकामागे मी लागले होते तो हाच.

दुकानदाराने कार्ड परत घेतलं नाही, खोकं मात्र दिलं. टाचणी, तुमचं खरं निघालं. छोटी पट्टी खोक्याच्या तळाशी पुठ्ठ्याखाली होती, व्हीजीएच्या चपट्या रिबनसाठीची दुसरी पट्टीही. म्हणजे पहिल्या दिवशीच झाकण बसलं असतं. कुणाला जुन्या डब्यासाठी जीटी ७१० हवं असेल तर सांगा, दोन्ही पट्ट्यांसकट देईन.