पोरांना शब्दकोश घेताना संक्षिप्तच घ्यायचा का?

जुनंपान:
कोणीही शब्दकोश सुचवा म्हटलं की 'छोटा घ्या, मोठा कोण उघडतंय' हेच उत्तर येतं, मला अजिबात पटत नाही. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश बघा, १९३२ ते १९३८ मध्ये सात खंड आणि १९५० ला पुरवणी. त्यात 'हात' काढा, हात टेकणे, हात आखडणे, हात दाखवणे, वाक्प्रचार संपतच नाहीत, वर जुन्या ग्रंथांतली उदाहरणं. संक्षिप्त करताना पहिली कात्री ह्यावरच चालते आणि शब्द वापरायचा कसा तेच कळत नाही.

मास्तरीणबाई:
सातवीच्या मुलांना शिकवते म्हणून सांगते, धडा वाचता वाचता मूल अडलं की त्याला लगेच अर्थ हवा असतो, तुमचे खंड समोर ठेवले तर ते पुस्तकच मिटून ठेवेल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची मोठी आवृत्ती १८५७ ची आणि बाबा पदमनजींनी त्याचा संक्षेप काढला १८६३ ला, म्हणजे गरज तेव्हाही होतीच ना.

रात्रपाळी:
तेव्हा होती हो, मोठा ग्रंथ जवळ बाळगणार कोण. आता शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थ, दाते आणि वझ्यांचा १९११ चा शाळेसाठीचा कोश तिन्ही फुकट शोधता येतात. किंमत नाही, वजन नाही, मग कापलेलं का वाचायचं?

मास्तरीणबाई:
कारण पंधरा अर्थ समोर आले की ह्या वाक्यात कुठला बसतो हे मुलाला कळत नाही. आधी नेहमीचे दोन-तीनच द्यायचे. निवडून देणं हेसुद्धा कोशकाराचं काम आहे, त्याला नुसती काटछाट म्हणू नका.

एसटीतला वाचक:
कोशाचं ठीक, कादंबरीचं काय? ह्यूगोची १८६२ ची ला मिझराब्ल घ्या. वॉटर्लूच्या लढाईची एकोणीस प्रकरणं, संक्षेप करणाऱ्याला वाटतं गोष्ट थांबलीये, उडवा. पण शेवटच्या प्रकरणात तेनार्दिए नावाचा लबाड माणूस रात्री रणांगणावर मेलेल्यांचे खिसे कापत फिरतो आणि तिथेच मारियुस ह्या कादंबरीतल्या तरुणाचा बाप त्याला आपला जीव वाचवणारा समजून बसतो. हे गाळलं तर पुढे मारियुस त्या नालायकाला सोडून का देतो, काय कळणार?

मास्तरीणबाई:
हे मान्य, कादंबरीत मी पण कात्रीच्या विरोधात आहे. वर्गातल्या कोशाबद्दल मात्र मत तेच.

जुनंपान:
मग निदान 'संक्षिप्त' हा शब्द मुखपृष्ठावर नावाइतक्याच ठळक अक्षरात छापा. आतल्या पानावर बारीक टाइपात लिहिलेलं दुकानात उभं राहून कोण वाचतं, घेणाऱ्याला वाटतं अख्खं पुस्तक घेतलं. आणि कोशाचं म्हणाल तर सातवीत छोटा द्या, पण दहावीपर्यंत तोच हातात राहतो त्याचं काय ते सांगा.