रोजा, लेंट आणि पाडव्याचं जेवण एकाच शुक्रवारी आलंय. काय करू?

टॅलीवाली, पुणे

मंडळी, मी सीएच्या ऑफिसात अकाउंटंट आहे. मार्चअखेर आमच्याकडे काय असतं ते सांगायला नको. यंदा, म्हणजे 2025 ला, पाडवा रविवारी, 30 मार्चला. म्हणून सरांनी फर्मान काढलंय की शुक्रवारी 28 ला दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. मेन्यू बघायचा मी. सरांना मटणथाळीच हवी आहे.

आता अडचण. ऑडिटचा एक मुलगा श्रीवर्धनचा आहे, त्याचे रोजे चालू आहेत. माझ्या मागच्या टेबलावर वसईच्या मॅडम बसतात, कॅथलिक आहेत, त्यांचा लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. 5 तारखेला त्या कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आल्या आणि दिवसभर तशाच बसून जीएसटीचे आकडे जुळवत होत्या. त्या रोज डबा खातात, पण शुक्रवारी फक्त भाजीपोळी, आणि चहा ईस्टरपर्यंत बंद. मुलगा पाण्याचा थेंब घेत नाही, तरी आम्ही जेवत असताना पँट्रीत गप्पा मारत बसतो. आमच्या घरी उपवास म्हणजे एकादशी दुप्पट खाशी, त्यामुळे मला यातलं फार कळत नाही.

दोघांना विचारलं तर दोघांचं एकच, "तुमचं चालू द्या." म्हणून इथे विचारते. नियम नक्की काय आहेत? आणि दोघांचा उपवास मुळात एकाच कारणासाठी असतो का? इब्राहिम (बायबलातला अब्राहाम) आणि येशू दोन्हीकडे आहेत असं ऐकलंय.

श्रीवर्धनकर

ताई, पोरगा आमच्या गावचा निघाला, म्हणजे उत्तर देणं आलंच!

पहाटे सहरी, म्हणजे रोजाआधीचं खाणं, करायची, फजरची (पहाटेच्या नमाजाची) वेळ झाली की घास बंद, ते थेट मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजाला, खजूर तोंडात टाकेपर्यंत. अन्न नाही, पाणी नाही, सिगारेट नाही, दिवसा नवराबायकोचा संबंधही नाही. आजारी, प्रवासी, गरोदर बाई, पाळी आलेली बाई यांना सूट असते, राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे. ज्याला कधीच जमणार नाही, उदाहरणार्थ थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला, त्याने प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालायचं. विसरून पाणी प्यायलात तर रोजा तुटत नाही. माझी फुफी म्हणायची, "अल्लाने पाजलं, आता गप बस."

पण पोटाचा भाग सोपा हो. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे की जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडावं याची अल्लाला गरज नाही. मार्चअखेर, सीएचं ऑफिस, आणि क्लायंट म्हणतो, "एवढं एक बिल मागच्या तारखेचं टाका ना." त्या पोराचा रोजा खरा तिथे लागतो, तुमच्या मटणाच्या वासाने नाही.

आणि जकात, म्हणजे संपत्तीतून काढायचं सक्तीचं दान. ती याच महिन्यात काढायची असा नियम नाही, पण बरेच जण रमजानमध्ये काढतात. शिल्लक, सोनं-चांदी, धंद्यातला माल यातून देणं वजा करायचं. उरलेलं साधारण 612 ग्रॅम चांदीच्या किमतीएवढं किंवा जास्त असेल आणि वर्ष उलटलं असेल, तर अडीच टक्के. राहतं घर, वापरातली गाडी धरायची नाही. आईबापाला किंवा पोटच्या पोरांना दिलेले पैसे जकातीत चालत नाहीत, कारण त्यांना सांभाळणं हे तुमचं कामच आहे. शिवाय हे वर्ष चांद्र, 354 दिवसांचं. तुमच्या 31 मार्चशी त्याचा संबंध नाही, टॅलीत बसवायचा प्रयत्न करू नका. ईदच्या नमाजाआधी माणशी फितरा (ईदचं दान) वेगळा, गरिबाच्या घरीही ईद झाली पाहिजे म्हणून.

28 ला अलविदा जुमा आहे, रमजानचा शेवटचा शुक्रवार. दुपारी तो मशिदीत असणार.

बावखलकाठचा

वसईकर हजर. तुमच्या मॅडमचं मी सांगतो.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत 46 दिवस होतात. रविवार उपवासाचे नाहीत, ते सहा वजा केले की 40, येशूने रानात उपास केला तेवढे. चर्चच्या कायद्याने सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसाने त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. लेंटच्या सगळ्या शुक्रवारी 14 वर्षांवरच्यांना मांस बंद, कारण येशूला क्रूसावर दिलं तो वार शुक्रवार. मासे चालतात. त्यामुळे पापलेट तळून शुक्रवार पाळणारेही आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही, अर्धे माझ्याच घरात आहेत.

चहा सोडणं हे मॅडमनी स्वतः ठरवलेलं असणार. त्यात वाचलेले पैसे गरिबाकडे जायला हवेत. उपवास, प्रार्थना आणि दान अशी ती तिकटी आहे. आमच्या आईचा त्यासाठी बोर्नव्हिटाचा जुना डबा आहे, ईस्टरआधी तो रिकामा होतो.

आणि गंमत बघा. राख लावायच्या त्याच मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बायबलातल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं वाचन असतं: उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना दाखवू नका. कपाळ काळं करून घेतो आणि हे ऐकतो! लहानपणी मला हा सरळ विसंवाद वाटायचा. राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात, आणि लावताना "तू माती आहेस" असं म्हणतात. आता वाटतं की मिरवण्यासारखं त्यात काही नाही.

तुमचा दुसरा प्रश्न. इब्राहिम दोघांचे, कुराणात मरयमच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, नावाची अख्खी सुरा (अध्याय) आहे, कुमारी मातेच्या पोटी जन्म हेही त्यांना मान्य. पण आमच्यासाठी येशू देवाचा पुत्र, तो क्रूसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. सगळा लेंट त्या तीन दिवसांकडे चाललेला असतो. मुसलमानांसाठी येशू म्हणजे ईसा, मोठे पैगंबर, पण देवाचे पुत्र नव्हेत, आणि त्यांना सुळावर दिलंच नाही असं कुराण सांगतं. तेव्हा "शेवटी सगळं एकच हो" असं पँट्रीत म्हणू नका, दोघंही सभ्यपणे हसतील आणि कुणालाच पटलेलं नसेल.

श्रीवर्धनकर

बरोबर आहे. चांगुलपणाच्या बाबतीत जुळतं, येशू कोण यावर नाही.

नगरी_चिवडा

आम्ही नगरचे प्रॉटेस्टंट, आमच्याकडे सक्ती कसलीच नाही. कुणी चाळीस दिवस एक वेळ जेवतं, कुणी मोबाइल सोडतं, कुणी काहीच करत नाही. गुड फ्रायडेला 12 ते 3 उपासना असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि एक तरी वक्ता घड्याळ बघत नाही. म्हणजे ख्रिस्ती म्हटलं की सगळ्यांचं वसईसारखं असेल असं नाही, एवढंच.

तिखटमीठ

एवढं पुराण कशाला? व्हेज पुलाव मागवा आणि मोकळ्या व्हा.

श्रीवर्धनकर

पुलाव दुपारीच मागवणार ना? ताई, त्यापेक्षा जेवण संध्याकाळी ठेवा. मार्चअखेर तसेही नऊपर्यंत बसता. पुण्यात पावणेसातच्या आसपास रोजा सुटेल. शाकाहारी ठेवलंत की मॅडमचा शुक्रवारही राहतो आणि हलालचा प्रश्नच येत नाही. खजूर आणि पाणी आधी द्या, नमाजाला दहा मिनिटं द्या, मग पंगत.

टॅलीवाली, पुणे

सरांना विचारलं. मटण गेलं म्हणून तोंड वाकडं केलं, पण संध्याकाळ मान्य. मुलगा म्हणाला खजूर मी आणतो, तुम्ही आणू नका, तुम्हाला कळत नाहीत. मॅडम म्हणाल्या पुरणपोळी खाईन, नंतरचा चहा घेणार नाही. मेन्यू: पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, भजी, मसालेभात.

आता केटरर म्हणतो शुक्रवारी संध्याकाळी गरम पोळ्या जमणार नाहीत. कर्वे रोड-एरंडवणे भागात कुणी करून देणारं माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पोळ्या चाळीस लागतील.