मदत हवी आहे: सायटेशनवरून भूशास्त्रज्ञांची क्रमवारी कशी लावावी?

नमस्कार मंडळी,

एका व्याख्यानमालेसाठी जगभरातल्या आघाडीच्या भूशास्त्रज्ञांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं आहे. समितीने सोपा मार्ग सांगितला: सगळ्यांचा एच-इंडेक्स (पेपर आणि त्यांना मिळालेली सायटेशन, म्हणजे इतर लेखनातले त्यांचे उल्लेख, यांवरून काढलेला आकडा) काढा, उतरत्या क्रमाने लावा, वरची पंधरा नावं द्या. तसा तक्ता केला, पण तो पुढे पाठवायला हात धजत नाहीये.

वरची जवळजवळ सगळी नावं हवामान आणि वातावरणवाल्यांची आहेत. वर्षानुवर्षं डोंगर पायी तुडवून भूवैज्ञानिक नकाशे करणारे पार तळाला गेलेत. नकाशा करायला पाच-सहा मोसम लागतात आणि त्यातून पेपर निघतात दोन. हवामान प्रारूपांवरच्या एकेका पेपरला मात्र कित्येकदा पन्नासेक सहलेखक असतात आणि त्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण सायटेशन जमा होतात.

एच-इंडेक्स हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. निदान १० सायटेशन मिळालेले १० पेपर असतील तर एच-इंडेक्स १०. पण त्या दहांना प्रत्येकी हजार सायटेशन असली तरी, दुसरे पेपर नसतील तर, आकडा दहाच राहतो. मोजके पण पायाभूत पेपर लिहिणारा माणूस यात दिसतच नाही. भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी पृथ्वीला अंतर्गाभा असल्याचं १९३६ मध्ये एका पेपरातून दाखवलं. असं काम आज कुणी केलं, तर या तक्त्यात त्याची भर फक्त एकाची!

दुसरी अडचण म्हणजे नेमकं काय उद्धृत होतं. खडकांतल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणांची तुलना करायला सन आणि मॅकडोनो यांच्या १९८९ च्या पेपरातली मूल्यं भूरसायनवाले सर्रास वापरतात. खनिजांच्या नावांच्या लघुरूपांवरचा व्हिटनी आणि इव्हान्स यांचा २०१० चा लेखही असाच जिथेतिथे दिसतो. दोन्ही अतिशय उपयोगी, मी स्वतः वापरले आहेत. पण साधन म्हणून वापरलेला पेपर आणि एखादा प्रश्न सोडवणारा पेपर एकाच मापाने कसे मोजायचे?

शिवाय गूगल स्कॉलरवर प्रबंध, अहवाल वगैरेही मोजले जातात, त्यामुळे तिथला आकडा स्कोपस या संशोधन-लेखांच्या डेटाबेसपेक्षा सहसा मोठा असतो. तक्त्यात माझ्याकडून दोन्हींची सरमिसळ झाली आहे, ती दुरुस्त करतेय.

जाणकारांनी सांगावं: उपशाखांमधला हा फरक भरून काढणारं एखादं माप आहे का? आणि समितीला कसं पटवून द्यावं?

---

प्रतिसाद १

स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक इओनिडिस आणि सहकारी स्कोपसवरून सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या शास्त्रज्ञांची यादी काढतात, ती पाहा. त्यात सहा मापांचा एकत्रित गुणांक असतो. सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला एच-इंडेक्स त्यात आहे; एकट्याने लिहिलेले, पहिला लेखक म्हणून आणि शेवटचा लेखक म्हणून लिहिलेले पेपरही वेगळे धरतात. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळूनही क्रमांक मिळतो. मुख्य म्हणजे भूविज्ञान, भूरसायन-भूभौतिकी, वातावरणविज्ञान, समुद्रविज्ञान या उपशाखा निराळ्या आहेत. एकच सलग क्रमवारी करण्याऐवजी प्रत्येकीतून तीन-चार नावं घ्या. यादी संपूर्ण कारकिर्दीची घ्या, एका वर्षाची नको.

क्लॅरिव्हेट या कंपनीच्या सर्वाधिक उद्धृत संशोधकांच्या यादीवर मात्र इथे विसंबू नका. तिच्यात सगळं भूविज्ञान एकाच गटात येतं.

प्रतिसाद २

समितीपुढे संशोधनाच्या मूल्यमापनात आकडे कसे वापरावेत यावरचा २०१५ चा लायडन जाहीरनामा ठेवा. आकड्यांनी तज्ज्ञांच्या मूल्यमापनाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये, हे त्यातलं पहिलंच तत्त्व आहे. आणि प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीचं एक महत्त्वाचं काम दोन ओळींत लिहा. लॉरेन्स मॉर्ली यांचा समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्यांवरचा पेपर १९६३ मध्ये दोन नियतकालिकांनी नाकारला आणि त्याच वर्षी व्हाइन आणि मॅथ्यूज यांचा त्याच कल्पनेवरचा पेपर छापून आला. सायटेशनचा तक्ता मॉर्लींबद्दल काय सांगेल?

---

धागाकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. उपशाखांनुसार चार वेगळे तक्ते करायला घेतले आहेत, शेवटच्या रकान्यात प्रत्येकाचं एक काम. एक शंका उरली: जुने भूवैज्ञानिक नकाशे आणि त्यांच्यासोबतच्या पुस्तिका स्कोपसमध्ये बहुधा सापडतच नाहीत. त्यांची नोंद कुणी कशी घेतली आहे का?