डिझेल ऑटोमॅटिक पिकअप : ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद आणि गिअरबदल ट्यूनिंगने सुधारेल का?

प्रश्न : जांबोटीकर (खानापूर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दुहेरी केबिनचा, सहा गिअरचा ऑटोमॅटिक डिझेल पिकअप आहे. गाडी बीएस-६ प्रदूषण मानकाची असून कंपनीची वॉरंटी संपली आहे. रोपवाटिकेची रोपे घेऊन एका बाजूला कणकुंबी, चोर्लामार्गे गोव्यात उतरायचे आणि दुसऱ्या बाजूला हुक्केरी, चिकोडी, निपाणी हा भाग धरायचा, असे तिचे नेहमीचे काम आहे.

मला दोन गोष्टी खटकतात. कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम ओढ येते. उसाच्या हंगामात चिकोडी भागातील दुपदरी रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढे असतात; समोरचा रस्ता मोकळा दिसल्यावर ओव्हरटेकसाठी जो थोडा वेळ मिळतो, तो या अडखळण्यातच निघून जातो. दुसरे म्हणजे घाट चढताना गाडी तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या मध्ये सारखी घुटमळते, आणि थांबत येताना तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना धक्का बसतो.

मूळचे २४५/७० आर १६ टायर काढून मी २६५/७० आर १६ बसवले आहेत, हेही सांगून ठेवतो. एका ट्यूनरने ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रीमॅप करून (त्याचे सॉफ्टवेअर बदलून) दोन्ही तक्रारी जातील असे सांगितले आहे. दुसऱ्याने ॲक्सिलरेटर पेडलला जोडायचा कंट्रोलर सुचवला, तर एका गॅरेजमध्ये ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करून डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. यांपैकी नेमके काय करावे, आणि कशापासून दूर राहावे?

उत्तर १ : उद्यमबाग_डिझेल (बेळगाव)

जांबोटीकर, आपल्या दोन्ही तक्रारी चालकाला एकसारख्याच जाणवतात, परंतु त्यांची मुळे वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. म्हणून कोणालाही पैसे देण्याआधी उशीर नेमका कुठे होतो आहे, हे मोजून घ्यावे.

आजच्या डिझेल गाडीत पेडलला केबल नसते. पेडलवरचा सेन्सर 'चालकाने इतके टक्के दाबले' एवढेच ईसीयूला कळवतो. ईसीयू त्यावरून आणि इंजिनच्या फेऱ्यांवरून चालकाला किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) हवा आहे हे ठरवतो, आणि तेवढे डिझेल सोडण्याआधी ते जाळण्याइतकी हवा आत आली आहे का, हे तपासतो. हवा कमी असेल तर काळा धूर होऊ नये म्हणून डिझेल रोखून धरले जाते. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) फिरून दाब तयार झाला की हा अडसर दूर होतो आणि अडवलेली ओढ एकदम येते. आपल्याला जाणवणारा थांबा बहुतेक वेळा याच टप्प्यातला असतो.

आता हवा कमी का पडते, ते पाहा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि इथला हवेचा दाब गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा मुळातच ८ ते ९ टक्के कमी असतो. टर्बो ती तूट भरून काढतो, पण त्याला वेग घ्यायला थोडा जास्त वेळ लागतो. त्यात एअर फिल्टर लाल मातीने भरलेला असेल, ईजीआर झडप काजळीमुळे अर्धवट उघडी राहत असेल, हवेचे माप घेणारा एमएएफ सेन्सर मळला असेल किंवा टर्बोतून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या होजला बारीक चीर असेल, तर तोच थांबा दुप्पट वाटतो. यांपैकी एकही दोष रीमॅपने दुरुस्त होत नाही.

टायरचे म्हणाल, तर मूळ टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर होता, आताचा ७७७ आहे, म्हणजे पावणेचार टक्क्यांची वाढ. प्रत्येक गिअर तेवढा 'लांब' झाला आणि चाकापाशी मिळणारी ओढ तेवढी घटली. शिवाय गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, म्हणजे टीसीयू, शाफ्टच्या फेऱ्यांवरून वेग काढतो. त्याच्या हिशेबी गाडी ८० ने धावत असते तेव्हा ती प्रत्यक्षात ८३ च्या आसपास असते. घाटात घुटमळण्यामागे याचाही वाटा आहे.

तेव्हा डायग्नोस्टिक पोर्टला स्कॅनर लावून एखाद्या चढावर लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद, घ्यावा. त्यात पेडलचे टक्के, ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब), प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, हवेचे माप, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि गिअरबॉक्स ऑइलचे तापमान इतके आले तरी पुरे. मागणी आणि प्रत्यक्ष दाब यांत मोठे अंतर दिसले तर पाना हातात घ्यावा लागेल. अंतर नसेल, तर मात्र सॉफ्टवेअरचा विचार करता येईल.

उत्तर २ : निपाणी_गिअरबॉक्स

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझे काम ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीचे असल्यामुळे त्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो, कारण रीमॅपच्या जाहिरातींत नेमका हाच भाग गाळलेला असतो.

टीसीयू गिअर कधी बदलायचा हे मुख्यतः पेडलचे टक्के आणि गाडीचा वेग यांवरून ठरवतो. परंतु गिअर बदलताना आतल्या क्लचपॅकवर (गिअर धरून ठेवणाऱ्या क्लचच्या पट्ट्यांच्या संचावर) ऑइलचा किती दाब द्यायचा, हे तो ईसीयूने कळवलेल्या टॉर्कच्या आकड्यावरून ठरवतो. बदल होण्याच्या क्षणी तो इंजिनला 'थोडा टॉर्क कमी कर' अशी विनंतीही करतो, आणि त्यामुळेच बदल मऊ होतो. ही सगळी देवाणघेवाण त्या एका आकड्याच्या खरेपणावर उभी आहे.

काही ट्यूनर झटपट ताकद दाखवण्यासाठी इंजेक्शनची वेळ किंवा रेल प्रेशर थेट वाढवतात आणि टॉर्कचे कोष्टक जुनेच ठेवतात. इंजिन प्रत्यक्षात ४२० न्यूटन-मीटर देत असते आणि टीसीयूला मात्र ३६० चा निरोप जातो. ३६० च्या हिशेबाने दिलेल्या दाबावर क्लचपॅक ४२० चा भार पेलू शकत नाही, तो सटकतो. चालकाला सुरुवातीला यातले काही कळत नाही, उलट गिअर गुळगुळीत पडतात असे वाटते. अशी एक गाडी आमच्याकडे उघडली होती. रीमॅपनंतर ती मोकळ्या रस्त्यावर उत्तम धावायची, पण माल भरून चढ लागला की फेरे वर जायचे आणि गाडी जागची फारशी हलायची नाही. गिअरबॉक्सच्या तळातल्या ऑइलच्या भांड्यात, म्हणजे संपमध्ये, ऑइल काळपट तपकिरी झाले होते, त्याला करपट वास होता, चुंबकावर राखाडी चिखलासारखा थर बसला होता आणि क्लचच्या पट्ट्यांवरचे अस्तर बोटाने खरवडून निघत होते.

कोणत्या गिअरबॉक्सला किती टॉर्क सोसेल, याचा विचार गाडीचे निर्मातेही सॉफ्टवेअरमध्येच बसवतात. टोयोटा हायलक्सचे २.८ लिटरचे इंजिन मॅन्युअल असो वा ऑटोमॅटिक, २०४ पीएसचेच आहे; पण भारतात मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर दिलेले आहेत. म्हणून ट्यूनरकडे गेल्यावर 'किती हॉर्सपॉवर वाढेल' याआधी 'टीसीयूची फाइल सोबत लिहिणार का, आणि टॉर्क मॉडेल खरे ठेवणार का' हे विचारावे. त्याला उत्तर देता येत नसेल तर तेथून परतावे.

पेडल कंट्रोलरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तो ताकद वाढवत नाही, फक्त खोटे टक्के कळवतो. आपण ३० टक्के दाबलेले असताना ईसीयूला ५० सांगतो. मॅन्युअल गाडीत त्याने निदान चपळ वाटते तरी. ऑटोमॅटिकमध्ये तोच खोटा आकडा टीसीयूलाही पोहोचतो, त्यामुळे गाडी जरा स्पर्श होताच खालचा गिअर मागते आणि घाटातले घुटमळणे वाढते. आपली दुसरी तक्रार लक्षात घेता तो घेऊच नये.

उत्तर ३ : घटप्रभा_वाहनमालक (गोकाक)

डीपीएफ आणि ईजीआरच्या सल्ल्याविषयी लिहिणे मला गरजेचे वाटते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू आहे आणि ही दोन्ही साधने त्याचा भाग आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. रोज राज्याची हद्द ओलांडणाऱ्या गाडीने हा धोका पत्करण्यात काहीच अर्थ नाही. अपघात झाला तर विमा कंपनी न कळवलेल्या बदलांवर बोट ठेवू शकते, ते वेगळेच.

कायदा बाजूला ठेवला तरी डीपीएफ भरला असेल तर तो साफ होण्याची संधी त्याला द्यायला हवी. गावातल्या गावात थोडे-थोडे अंतर चाललेल्या गाडीत काजळी जळण्याइतके तापमान येत नाही, मग एक्झॉस्टमध्ये दाब साचतो आणि टर्बो जड होतो. बेळगाव ते कोल्हापूर या महामार्गावर एकसारख्या वेगाने गाडी नेली की बहुतेक वेळा तो आपोआप मोकळा होतो. डीपीएफ काढलेल्या गाडीच्या धुरात शेतातली माणसे आणि शाळेची मुले उभी असतात, याचा विचार गॅरेजवाल्याने नाही केला तरी आपण करावा, एवढी कळकळीची विनंती.

जांबोटीकर (खानापूर)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे ओळखीच्या मिस्त्रींकडून स्कॅनर लावून खानापूरच्या पुढच्या चढावर लॉग घेतला. मागितलेला बूस्ट पटकन वर जात होता आणि प्रत्यक्ष दाब बराच मागे रेंगाळत होता. मिस्त्रींनी इंटरकूलरचा होज काढला, तर क्लॅम्पच्या अगदी काठाखाली, वरून दिसणारच नाही अशा जागी, नखाएवढी चीर निघाली आणि तिच्याभोवती तेलाचा ओला डाग होता. होज व क्लॅम्प बदलले, एअर फिल्टर नवा टाकला. उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडताना जाणवणारा थांबा आता बराच कमी झाला आहे. घाटातले घुटमळणे थोडे कमी झाले असले तरी धक्का तसाच आहे. आता फक्त टीसीयूचे ट्यूनिंग करून घ्यावे का?

निपाणी_गिअरबॉक्स

अजून नाही. आधी गिअरबॉक्सचे ऑइल बदलावे, निर्मात्याने सांगितलेल्याच प्रतीचे. त्याची पातळी इंजिन चालू ठेवून आणि ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावरच तपासायची असते, थंड गाडीत बघितलेली पातळी फसवते. त्यानंतर स्कॅनरने टीसीयूची जुनी शिकवण पुसून घ्यावी आणि काही दिवस हलक्या पायाने सर्व गिअर पडू द्यावेत, म्हणजे तो क्लचचे दाब नव्याने शिकेल. तिसऱ्यातून दुसऱ्यातला धक्का अनेकदा एवढ्यानेच जातो. आपल्या गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टायरचा घेर बदलण्याची सोय असेल तर तीही करून घ्यावी. नसेल तर पुढच्या वेळी मूळ मापाचे टायर घ्यावेत.

एवढे करूनही घुटमळणे उरले, तर टीसीयूमध्ये चौथा गिअर उशिरा पडेल आणि तिसऱ्यात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमार्फत जोडणारा भाग) लवकर लॉक होईल एवढाच बदल मागावा. त्यासाठी इंजिनची ताकद वाढवण्याची गरज नाही. काम सुरू होण्याआधी मूळ फाइल वाचून तिची एक प्रत आपल्याकडे घ्यावी, आणि काम झाल्यावर पुन्हा चोर्ला घाटात माल भरून लॉग घ्यावा. ऑइलचे तापमान ८० ते १०० अंशांच्या आसपास राहिले तर निश्चिंत असावे. ते १२० च्या पुढे जाऊ लागले तर गाडी बाजूला घ्यावी आणि मूळ फाइल परत टाकून घ्यावी. नवा लॉग हाती आला की येथे टाका, आकडे पाहून पुढचे सांगतो.