गिऱ्हाइकांचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत, माझी जबाबदारी कुठवर?

तैलरंग_मंगळवारपेठ
मी फोटोवरून व्यक्तिचित्रं करते. बारा वर्षं झाली. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते: फोटो, पत्ता, वर्षश्राद्ध किंवा साठीची तारीख. सगळं एकाच फोनमध्ये.

गेल्या महिन्यात फोन बिघडला. दुरुस्तीला टाकताना पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला आणि घरी आल्यावर काळजात धस्स झालं. एका ताईंच्या वारलेल्या लेकीचे अकरा फोटो त्यात होते. त्यांनी ते नातेवाइकांनाही दाखवले नव्हते. फोन नीट परत आला, पण दोन रात्री मला झोप नव्हती.

दुसरं म्हणजे, शाहू स्मारकमधल्या प्रदर्शनात अभिप्राय वहीत लोकांनी नंबर लिहिले होते. ते फोनमध्ये भरून मी सगळ्यांना दिवाळीच्या सवलतीचा मेसेज धाडला. एका काकांनी विचारलं, "माझा नंबर कुठनं मिळाला?" मला उत्तर देता आलं नाही.

नवा डेटा कायदा माझ्यासारख्या एकटीला लागू होतो का? दुकान नाही, नोकर नाही.

वहीखाते_राजारामपुरी
होतो, ताई. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. एकट्यानं धंदा केला म्हणून सूट नाही. घरगुती, खासगी वापराला तेवढी आहे.

काकांचं बरोबर होतं. वही कागदावर होती तोवर कायद्याबाहेर. नंबर फोनमध्ये भरले की आत. शिवाय नंबर अभिप्रायासाठी दिला होता, जाहिरातीसाठी नाही. त्याला वेगळी परवानगी लागते.

माहिती फुटली तर ज्यांची आहे त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला लगेच कळवायचं, मंडळाला तपशील ७२ तासांत. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. घाबरू नका, दंड ठरवताना चूक किती गंभीर होती हे पाहतात.

गंगावेशचा_फोटोवाला
मी लग्नाचे फोटो काढतो. अल्बम पोचला, पैसे मिळाले, की ठरल्या मुदतीनंतर मूळ फोटो पुसतो. मुदत आधीच सांगतो, नाहीतर चार वर्षांनी गिऱ्हाईक 'परत द्या' म्हणतंय. बिलं मात्र ठेवायची, कर खात्याला लागतात.

फ्रेमवाल्याला माप द्या, गिऱ्हाइकाचा पत्ता कशाला? आणि अठराच्या आतलं पोर असेल तर आईबापाची परवानगी लेखी घ्या. चित्र इन्स्टाग्रामवर टाकायचं तर ते निराळं विचारा.

तैलरंग_मंगळवारपेठ
दोघांचेही आभार. वहीतले नंबर काल काढून टाकले, काकांना फोन करून माफी मागितली. पोचलेल्या चित्रांचे फोटो पुसायला बसले, पण ताईंच्या अकरापाशी हात थांबला. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "पुसू नको गं, माझा फोन गेला तर तुझ्याकडं असू देत." मग ते पेनड्राइव्हवर कुलपात ठेवले, फोनमधून काढले, आणि त्यांनी तसं सांगितल्याचा मेसेज जपून ठेवला. फोन पुन्हा दुरुस्तीला गेला तर आधी रिकामा करूनच देणार.