फिग्मा येतं, पण क्लायंटसाठी ॲप डिझाइन करायला शिकायचं कसं?

रेघोटी

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं छपाईचं डिझाइन करते. माहितीपत्रकं, पुस्तकांची मुखपृष्ठं, वेष्टनं, लोगो वगैरे. मध्यंतरी फिग्मा हे स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर शिकले. ऑटो लेआउट (मजकुराप्रमाणे चौकटी आपोआप जुळवून घेणं), कम्पोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचे तयार तुकडे), प्रोटोटाइप (दाबून बघता येणारा नमुना) जोडणं आता हाताला बसलंय. सरावासाठी हवामानाचं एक आणि गाण्यांचं एक अशी ॲप्स केली, दिसायला बरी आहेत.

आता एका जुन्या क्लायंटने विचारलंय. त्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. रुग्णांना अपॉइंटमेंट घेता यावी, घरी करायच्या व्यायामांचे व्हिडिओ बघता यावेत, आणि त्यासाठी "वेबसाइट आणि ॲप दोन्ही" हवंय. कोड लिहिणारा त्यांच्या ओळखीचा आहे, डिझाइन माझ्याकडे.

काम घ्यायचं हे ठरलंय. पण कोड शिकायला हवा का? वेबचं आणि ॲपचं डिझाइन वेगवेगळं शिकावं लागतं का? आधी यूएक्सचा (वापरणाऱ्याच्या अनुभवाचा विचार करून डिझाइन करण्याचा) मोठा कोर्स करू की थेट कामाला हात घालू? आणि शेवटी क्लायंटला द्यायचं काय? छपाईत पीडीएफ पाठवली, प्रूफ तपासलं की मी सुटते. इथे "फायनल" कशाला म्हणायचं तेच कळत नाहीये.

पिक्सेलपिसाट

कोर्सच्या मागे लागू नका. गूगलचं मटेरियल डिझाइन आणि ॲपलच्या ह्यूमन इंटरफेस गाइडलाइन्स, ही त्यांची डिझाइनची मार्गदर्शनं, दोन्ही फुकट वाचायला मिळतात. ते वाचा आणि रोज वापरता त्या ॲप्सचे स्क्रीन फिग्मात जसेच्या तसे काढून बघा. हात आपोआप तयार होतो.

जुना_खिळा

वरच्या सल्ल्यातलं वाचायचं ते वाचाच. पण जसेच्या तसे स्क्रीन काढून फक्त मोजमापं कळतात. तो स्क्रीन तसा का झाला ते कळत नाही, आणि क्लायंट पैसे देतो ते त्या "का"चे.

रेघोटीताई, मीही छपाईतूनच इकडे आलो, त्यामुळे तुमचा अडसर ओळखीचा वाटतो. छपाईत कागदाचा आकार ठरलेला, मजकूर ठरलेला, आणि वाचणारा पानाला काही करू शकत नाही. इथे तिन्ही गोष्टी सुटतात. म्हणून तुमचंच क्लिनिक घेऊन बोलू, हवामानाचं ॲप बाजूला ठेवा.

"वेळ निवडा" हा एकच स्क्रीन घ्या. वर तारखा, खाली वेळांचे चौकोन, तळाशी "नक्की करा". अर्ध्या तासात सुंदर होईल. आता विचारत सुटा. आजच्या सगळ्या वेळा भरल्या असतील तर काय दिसेल? पाच वाजताची वेळ दोघांनी एकाच क्षणी दाबली तर? डॉक्टर अचानक रजेवर गेले तर आधीच घेतलेल्या वेळांचं काय होणार, आणि रुग्णाला ते कोण कळवणार? मुलगी आईसाठी वेळ घेत असेल तर नाव कुणाचं, फोन नंबर कुणाचा? "नक्की करा" दाबलं आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं, तर वेळ मिळाली की नाही? माणूस घाबरून दोनदा दाबतो, मग दोन अपॉइंटमेंट होतात का? रद्द करायची मुदत किती? पहिल्यांदाच ॲप उघडणाऱ्याच्या "माझ्या अपॉइंटमेंट" रिकाम्या असतात, त्या रिकाम्या पानावर काय लिहायचं?

यातल्या प्रत्येक प्रश्नाला एक चित्र लागतं. पोर्टफोलिओत मिरवतो तो सगळं सुरळीत असतानाचा एकच स्क्रीन. बाकीचे काढले नाहीत तर ते कोड लिहिणारा रात्री अकरा वाजता आपल्या मनाने ठरवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कुणीतरी ठरवायलाच हवं असतं.

आणखी एक लक्षात घ्या. यातले निम्मे प्रश्न डिझाइनचे नाहीतच, क्लिनिक कसं चालतं याचे आहेत. क्लायंटकडेही त्यांची उत्तरं तयार नसतात. तुम्ही विचारल्यावरच ते विचार करतात. मी म्हणेन की हे विचारायला शिकणं हाच अभ्यासक्रम. त्यासाठी एक दुपार क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसायची परवानगी मागा. अपॉइंटमेंटची वही बघा. फोन येतात तेव्हा लोक काय विचारतात ते लिहून घ्या. वहीत खाडाखोड कुठे होते, समासात बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं, तिकडे खास लक्ष द्या. समासातली ती नोंद म्हणजे बहुतेक वेळा एक राहिलेला स्क्रीन असतो.

तिथे बसल्यावर आणखी एक गोष्ट दिसेल. रिसेप्शनवरच्या व्यक्तीलाही स्क्रीन लागणार आहेत. रजा टाकणं, वेळा बंद करणं, फोनवरून आलेली अपॉइंटमेंट भरणं, हे सगळं कुठून होणार? क्लायंटच्या मागणीत हा भाग कधीच नसतो आणि काम मात्र बरंच असतं. अंदाज देण्याआधीच तो धरा.

"वेबसाइट आणि ॲप दोन्ही" यावरही थोडं थांबा. ॲप कशासाठी, हे क्लायंटला विचारा. नुसती अपॉइंटमेंट घ्यायची तर मोबाइलवर नीट चालणारी वेबसाइट पुरते, आणि महिन्यातून दोनदा लागणाऱ्या गोष्टीसाठी लोक ॲप उतरवून घ्यायला नाखूश असतात. वेबसाइटलाच ॲपचं वेष्टन चढवून द्यायचा विचार असेल तर ॲपलच्या ॲप स्टोअरच्या नियमावलीतलं ४.२ हे कलम त्यांना दाखवा. वेबसाइटपेक्षा वेगळं काही न देणारं ॲप त्या कलमाखाली परत पाठवलं जातं. आठवणीची सूचना हवी म्हणून ॲप, असं म्हणतील. पण मार्च २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १६.४ पासून आयफोनवरही होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब ॲपला सूचना पाठवता येतात. व्यायामाचे व्हिडिओ नेट नसताना बघायचे असतील, किती वेळा केला याची नोंद ठेवायची असेल, तर ॲपला खरं कारण मिळतं. मी असतो तर आधी वेब, मग रुग्ण व्हिडिओ खरंच बघतात का ते पाहून ॲप, असं सुचवलं असतं. स्वतःचं काम कमी करणारा हा सल्ला आहे खरा, पण क्लायंट टिकतात ते अशानेच.

वेब आणि ॲप वेगळं शिकावं लागतं का? पाया एकच, सवयी वेगळ्या. वेबवर माणूस कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून थेट मधल्याच पानावर येऊन पडतो, त्यामुळे प्रत्येक पानाने आपण कुठे आहोत ते सांगायला हवं. अँड्रॉइडला मागे जायची सोय फोनमध्येच असते. आयफोनला तसं बटण नाही, म्हणून वर डावीकडे बाण लागतो आणि कडेवरून बोट सरकवणंही चालायला हवं. माउस नेल्यावरच दिसणारी कुठलीही गोष्ट फोनवर नसल्यातच जमा.

मापं पाठ करून टाका. दाबायची जागा ॲपलच्या हिशेबाने किमान ४४ बाय ४४ पॉइंट, मटेरियलमध्ये ४८ बाय ४८ डीपी (अँड्रॉइडचं मोजमापाचं एकक). मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातलं कॉन्ट्रास्टचं प्रमाण डब्ल्यूसीएजी या, वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या निकषांप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांना ३:१. छपाईतल्या माणसाचा हात सुंदर फिकट राखाडीकडे वळतोच, माझा अजून वळतो. पण तुमच्या रुग्णांत खांदा किंवा मनगट दुखावलेली, एकाच हाताने फोन धरणारी, वयस्क माणसं असणार. त्यांच्यासाठी मी या किमान मापांच्या बराच वर राहीन. सुरुवात ३६० रुंदीच्या फ्रेमपासून करा. लहानात बसलेलं मोठ्यात पसरवता येतं, उलटं करायला गेलं की रडू येतं.

मजकूर मराठीतही असणार असेल तर दोन गोष्टी. एक, लेटर स्पेसिंगला हात लावू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी बटणांसाठी बेतलेली स्टाइल मराठीला तशीच लावली की हा प्रकार हमखास होतो. दोन, बटणाला ठरीव उंची देऊ नका. वरच्या वेलांट्या, मात्रा आणि खालचे उकार यांना जागा लागते, ओळींमधलं अंतरही रोमन मजकुरापेक्षा जास्त ठेवावं लागतं. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घेऊन "स्नायूंच्या पुनर्वसनाचे व्यायाम" असा खरा मथळा टाकून बघा. खोटा भरणा मजकूर टाकलात तर सगळंच छान बसतं.

कोडचं म्हणाल तर एचटीएमएल आणि सीएसएस (वेब पानांची रचना आणि रूप लिहायच्या भाषा) वाचता येण्याइतपत शिका. ऑटो लेआउट हा बऱ्याच अंशी सीएसएसमधल्या फ्लेक्सबॉक्स या मांडणीच्या पद्धतीचाच भाऊ आहे, तुम्हाला निम्मं आधीच येतंय. त्यापुढे सध्या गरज नाही.

आणि काम क्लायंटला दाखवायच्या आधी माणसांना दाखवा. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेलं गणित असं, की चाचणीतला एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणून ५ जणांत सुमारे ८५ टक्के बाहेर येतात. तुमच्याकडे आकडे नेमके तेवढेच येतील असं नाही, पण ५ माणसं जमवणं कुणालाही जमतं. फोनवर प्रोटोटाइप द्या, "उद्या संध्याकाळची वेळ घ्या" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं हे यातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. "अहो, ते वर उजवीकडे आहे" असं तोंडात येतं. ते गिळायचं.

"फायनल"वर नंतर लिहितो, हात दुखले.

अर्धविराम

कोर्स अगदीच टाकाऊ नसतो. मी केला होता. शिकवलेलं फार लक्षात नाही, पण दर आठवड्याला दहाबारा जण माझं काम फाडायचे आणि मला त्यांचं फाडावं लागायचं. एकट्याने काम करणाऱ्याला ते मिळत नाही. कोर्स नको असेल तर निदान दोन डिझायनर मित्र तरी असे धरा.

कंसातला_माणूस

मी कोड लिहिणाऱ्यांच्या बाजूचा. रात्री अकराचा उल्लेख मनाला लागला, कारण तो तंतोतंत खरा आहे.

आमची मागणी साधी. फाइलमध्ये निळ्या रंगाच्या सात छटा असतील तर आम्ही सातही लिहितो, आणि मग तुम्हीच विचारता की बटणं वेगवेगळी का दिसतात. चुकीच्या माहितीचा संदेश तुम्ही लिहिला नाही तर "अवैध इनपुट" असं काहीतरी छापलं जाईल. कीबोर्ड वर आल्यावर अर्धा स्क्रीन झाकला जातो, तेव्हा "पुढे" बटण कुठे असेल ते काढून दाखवा. आणि फॉर्ममधल्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. आयफोनवरची सफारी त्याहून बारीक रकान्यात टिचकी मारली की पान आपोआप मोठं करते, आणि क्लायंट म्हणतो "ॲप हलतंय".

विसरला जाणारा एक स्क्रीन सांगतो: खातं काढून टाकणं. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते ॲपमधूनच काढताही आलं पाहिजे, हा ॲपलचा नियम ३० जून २०२२ पासून लागू आहे. गूगल प्लेला तर ॲपमधून आणि वेबवरून, दोन्हीकडून सोय लागते. हा स्क्रीन जवळपास कुठल्याच फाइलमध्ये नसतो आणि ॲप स्टोअरवर चढवायच्या दिवशी सगळे माझ्याकडे बघतात.

तुमचा तो ओळखीचा कोडवाला आहे ना, क्लायंटने रंग पसंत करायच्या आधी त्याच्याशी बोला. "वेळ पकडून ठेवणे" (एक जण निवडत असताना ती वेळ दुसऱ्याला न देणे) त्याला जमणार आहे का, यावर तुमचे चार स्क्रीन अवलंबून आहेत.

रेघोटी

खूप खूप आभार. रिसेप्शनवर बसून आले. समासातली नोंद खरोखर होती: काही नावांपुढे "जिना नको". त्यांना तळमजल्यावरची खोली द्यावी लागते, म्हणजे वेळेबरोबर खोलीही बघावी लागणार!

आता पुढची अडचण. क्लायंट म्हणतात आधी होम पेज रंगांसकट दाखवा. शिवाय त्यांच्याकडून तीन जण मतं देतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. किती वेळा बदल करून द्यायचे? आणि ते "फायनल"चं राहिलंय. डार्क मोडही आत्ताच करू का?

जुना_खिळा

"जिना नको" झकास सापडलं. हे फॉर्ममध्ये कसं विचारायचं त्यावर नीट विचार करा. रुग्णाला ते सांगायला संकोच वाटता कामा नये.

रंगाचं होम पेज आधी देऊ नका. देऊन बघा, पुढचे दोन आठवडे हिरव्यावर चर्चा होईल. आधी काळ्यापांढऱ्या वायरफ्रेम (स्क्रीनचे नुसत्या चौकटींचे आराखडे), त्यांना लेखी होकार, मग एकाच स्क्रीनचे रंगीत नमुने, मग बाकीचे. फारच आग्रह असेल तर एक वेगळा मूड बोर्ड (रंग-चित्रांचा नमुना फलक) द्या, स्क्रीन नको.

तीन मतं चालतील, होकार मात्र एकाचाच. ते नाव करारात लिहा. त्या तिघांनी आपसात ठरवून एकच यादी पाठवायची. दर टप्प्याला बदलांच्या दोन फेऱ्या, त्यापुढे तासाप्रमाणे. नवा स्क्रीन म्हणजे बदल नव्हे, नवं काम. हेही लिहा, कारण "फक्त एक छोटंसं पान" हा शब्दप्रयोग तुम्हाला ऐकायला मिळणारच आहे. तुमचे पैसे ॲप बाजारात येण्यावर बांधू नका. ते कोडवाल्याच्या हातात असतं, तुमच्या नाही. टप्प्याटप्प्याने घ्या.

द्यायचं काय? फिग्माची फाइल, तीही क्लायंटच्या खात्यात हलवून. त्यात सगळे स्क्रीन त्यांच्या सगळ्या अवस्थांसकट, कम्पोनंट, रंग-अक्षरांच्या स्टाइल्स, संदेशांचा पूर्ण मजकूर. ॲप केलंत तर आयकॉन ॲपलला १०२४ बाय १०२४ आणि गूगल प्लेला ५१२ बाय ५१२ पिक्सेल. आणि छपाईतल्या प्रूफसारखी एक पायरी इथेही ठेवा: कोड झाल्यावर खऱ्या फोनवर बसून प्रत्येक स्क्रीन फाइलशी ताडून बघायचा, फरकांची यादी द्यायची. त्या यादीतल्या गोष्टी दुरुस्त झाल्या की फायनल. या तपासणीचे तास अंदाजात धरायला विसरू नका, सगळेच विसरतात. स्वस्तातला एक अँड्रॉइड फोन मात्र हाताशी हवा, तुमच्या चांगल्या फोनवर सगळंच वेगात चालतं.

डार्क मोड कुणी मागितलेला नसेल तर पहिल्या आवृत्तीत नको. रंगांना मात्र आत्तापासूनच फिग्माच्या व्हेरिएबलमध्ये (एकदा ठरवून सगळीकडे वापरायच्या मूल्यांत) कामावरून नावं द्या, "निळा ५००" ऐवजी "मुख्य कृती", "सूचना", "पार्श्वभूमी" अशी. नंतर मागितला तर दुसरा मोड जोडून रंग भरायचे, स्क्रीन पुन्हा काढावे लागत नाहीत.