मदत हवी आहे : कृष्णवर्णीय पतीसोबत मुरूड आणि खुलताबादला मुक्काम

माझे पती आफ्रिकन-अमेरिकन असून जानेवारीत आम्ही अटलांटाहून दहा दिवसांसाठी येत आहोत. गुलाम म्हणून विकला गेलेला इथिओपियाचा मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, हे वाचल्यापासून त्यांना १६२६ साली वारलेल्या मलिक अंबरची खुलताबादची कबर आणि सिद्द्यांचा जंजिरा पाहायचा आहे.

मागच्या खेपेस रांगेतल्या एका बाईंनी त्यांच्या बारीक वेण्या चाचपून "खऱ्या आहेत का हो?" असे मला विचारले, ते हसले, पण नंतर टोपी घालूनच बाहेर पडले. असे होणार, हे मी धरून चालले आहे. खरी अडचण मुक्कामाची आहे. परदेशी पाहुण्याची माहिती निवास चालवणाऱ्याला २४ तासांत सरकारकडे ठरलेल्या फॉर्मद्वारे (जुन्या नियमांतला 'फॉर्म सी') कळवावी लागते, म्हणून मी आधी फोनवर विचारले; दोन ठिकाणी होकार मिळाला, मात्र पासपोर्टची प्रत पाठवताच खोल्या भरल्याचे उत्तर आले. व्हिसा आणि चालकासह गाडी ठरली आहे, तारखा बदलता येणार नाहीत.

कृष्णवर्णीय पाहुण्यासह या भागांत कोणी प्रत्यक्ष राहिले असल्यास, कोणत्या घरगुती निवासात हा फॉर्म विनातक्रार भरला गेला, आणि खोली ठरवताना त्यांच्याविषयी आधीच स्पष्ट सांगावे की थेट दारात जाऊन उभे राहावे?